पोत्यावरचा मार्का आणि चारशे बारा सेन्सर

माझे वडील अमळनेरच्या बाजार समितीत मापाडी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचा डबा घेऊन मी यार्डात जायचे. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. ते मोकळे होईपर्यंत मी पोत्यांच्या थप्पीवर बसून राहायचे. एकाच थप्पीत चार-पाच व्यापाऱ्यांचा माल असायचा. प्रत्येक पोत्यावर शाईने मारलेला मार्का, कुणाचा गोल, कुणाचा त्रिकोण, कुणाची नुसती दोन अक्षरं. काही पोत्यांवर खाली एक हिरवी रेघ असायची. तो माल त्याच रात्रीच्या गाडीत चढायचा. हमाल लांबून ओरडायचा, "हाई पोतं कोनं शे?" आणि वडील जागचे न उठता मार्का वाचून सांगायचे. पोतं या थप्पीतून त्या थप्पीत गेलं तरी मार्का त्याच्याबरोबर जायचा.

हे सगळं मला इतक्या वर्षांनी आठवलं ते नेटवर्क मॉनिटरिंगच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांवर लक्ष ठेवण्याच्या कामात. आज त्याबद्दलच लिहायचं आहे, सेन्सरना लावायच्या टॅगबद्दल, म्हणजे ओळखीच्या शब्दांबद्दल. मला गरज होती तेव्हा मराठीत यावर काही वाचायला मिळालं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सावद्याला राहते. केळी पॅक करून बाहेर पाठवणाऱ्या एका फर्मचं नेटवर्क सांभाळते. रावेर, सावदा, यावल, चोपडा, शिरपूर आणि शहादा अशी सहा पॅकहाउसं आणि जळगावला ऑफिस. सहाही पॅकहाउसं बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याला धरून आहेत, वर सातपुडा आणि खाली तापी. बागेतून घड येतो, फण्या सुटतात, धुऊन खोक्यात भरल्या जातात आणि खोकी प्री-कूलिंग चेंबरमध्ये जातात. तिथं तापमान १३ ते १४ अंशांच्या मध्ये ठेवायचं असतं. त्याखाली गेलं तर साल आतून काळवंडते आणि पुढं केळी नीट पिकत नाहीत. वर गेलं तर कच्च्या केळीचा जीव जागा होतो, ती पिकायला लागते, इथिलीन सोडते आणि शेजारच्या खोक्यालाही पिकवायला लागते. चेंबरमधून माल रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये आणि तिथून न्हावा शेवा बंदरावर. २०१६ साली जळगावच्या केळीला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, तेव्हापासून आमच्याकडं 'टॅग' म्हटलं की लोकांना आधी तोच आठवतो. त्यानंतर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग. माझे टॅग तिसऱ्या जातीचे.

आमच्याकडं पीआरटीजी आहे. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या पेस्लर कंपनीचं हे नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यात 'सेन्सर' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे आणि तो समजावताना मला दरवर्षी थोडा वेळ द्यावा लागतो. आमचे मालक, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, लायसन्सच्या नूतनीकरणाचा कागद हातात घेऊन विचारायचे, "ताई, चेंबरात चार सेन्सर लावले, मग कागदावर चारशे कसे?" त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या लेखी सेन्सर म्हणजे भिंतीवर लावलेला तापमानाचा प्रोब. पीआरटीजीत सेन्सर म्हणजे एक मोजमाप. एका स्विचच्या, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडायच्या डब्याच्या, एका पोर्टमधून किती डेटा जातो हा एक सेन्सर. तो स्विच पिंगला, म्हणजे 'आहेस का' या हाकेला, उत्तर देतो का, हा दुसरा. यूपीएसच्या बॅटरीत किती टक्के उरलं, हा तिसरा. प्रोबला जोडलेला छोटा नेटवर्क डबा एसएनएमपीवरून, म्हणजे उपकरणांना आकडे विचारायच्या ठरलेल्या पद्धतीने, जो आकडा सांगतो, तो चौथा. शंभर सेन्सरपर्यंत हे सॉफ्टवेअर फुकट वापरता येतं. आम्ही तो टप्पा कधीच ओलांडला. आज ५८ उपकरणं आहेत आणि त्यांच्यावर ४१२ सेन्सर.

हे ४१२ सेन्सर एका झाडात मांडलेले असतात. मुळाशी रूट, त्याखाली प्रोब (भिंतीवरचा नव्हे, मोजमापं गोळा करणारा सॉफ्टवेअरचा भाग), मग ग्रुप, मग उपकरण आणि शेवटी सेन्सर. मी गावांप्रमाणे ग्रुप केले. रावेरच्या ग्रुपात रावेरची उपकरणं, शिरपूरच्या ग्रुपात शिरपूरची. दिसायला सुबक. कुणीही हीच मांडणी केली असती, आणि दोन वर्षं मला ती पुरली.

मग दोन वर्षांपूर्वीचा मे महिना आला. ज्यांनी आमच्या भागातला मे पाहिलेला नाही त्यांना सांगते, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, पारा ४५ च्या आसपास असतो आणि रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. अशा एका रात्री दोनच्या सुमारास चोपड्याची वीज गेली. जनरेटर आपोआप सुरू झाला, म्हणजे व्हायला हवं तसंच झालं. फक्त तीन नंबरच्या चेंबरचा कॉम्प्रेसर पुन्हा उचलला नाही, त्याचा कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा भाग, अडकला होता. माझ्या फोनवर ६३ संदेश आले. सीसीटीव्हीचे कॅमेरे बंद. ऑफिसचा स्विच बंद. लेबल प्रिंटर बंद. वायफायचे डबे बंद. कँटीनजवळचा टीव्हीचा डबा, जो कुणी का जोडला होता देव जाणे, तोही बंद. वीज गेली की या वस्तू बंद पडणारच, त्या थेट लाइनीवर आहेत. मी पहिले दहा-पंधरा वाचले, जनरेटर चालू झाल्याचं पाहिलं आणि फोन उशीखाली ठेवून झोपले. एक्केचाळिसावा संदेश तीन नंबरच्या चेंबरचा होता.

सकाळी साडेपाचला उठले तेव्हा चेंबर १९ अंशांवर होतं.

कॉम्प्रेसर अर्ध्या तासात सुरू झाला. पण खरेदीदाराच्या माणसाने डेटा लॉगरवरची चढलेली रेघ पाहिली आणि त्या चेंबरमधला माल कंटेनरमध्ये घ्यायला नकार दिला. तो माल इथल्याच बाजारात गेला. नानांनी शेतकऱ्यांना ठरलेल्या भावानेच पैसे दिले आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या न बोलण्याचाच मला जास्त त्रास झाला. त्या चेंबरमध्ये कुणाच्या बागेची केळी होती ते मला माहीत होतं. त्यातले एक काका माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचे. वर्षभर पाणी देऊन, वादळातून वाचवून त्यांनी तो माल आमच्या दारात आणून दिला होता आणि तो माझ्या पाळीत गेला.

पहिल्यांदा मी सर्वांसारखाच उपाय केला. संदेश कमी केले. कॅमेऱ्यांचे बंद, प्रिंटरचे बंद. पंधरा दिवसांत शहाद्याचा लेबल प्रिंटर चार तास बंद होता आणि मला कळलं नाही. लेबलाशिवाय खोकं बाहेर जात नाही, त्यामुळं मजूर नुसते बसून. म्हणजे जो प्रिंटर चोपड्यात रात्री दोनला बिनमहत्त्वाचा, तोच शहाद्यात सकाळी दहाला महत्त्वाचा. अडचण संदेशांच्या संख्येत नव्हती. माझं झाड मला एकच गोष्ट सांगत होतं, ही वस्तू कुठं आहे. ती कशावर चालते आणि ती बंद पडली तर कोण अडतं, हे त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते सगळं आमच्या इलेक्ट्रिशियन काकांच्या डोक्यात होतं.

म्हणून मी काकांच्या मागे एक वही घेऊन फिरले. तीन आठवडे. कुठल्याही केंद्रावरून फोन आला की काका जे विचारायचे ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच: "कशावर चालतंय ते? लाइनीवर, जनरेटरवर का यूपीएसवर?" पॅकहाउसच्या मॅनेजरचा पहिला प्रश्न: "माल थांबला का?" जळगाव ऑफिसचा: "फायबर गेलं का रेडिओ?" म्हणजे तारेची जोडणी गेली का बिनतारी. वही भरली तेव्हा पंधराच्या वर प्रश्न होते, पण ती या तीन प्रश्नांचीच रूपं होती. आणि त्या रात्री वही मिटताना मला अमळनेरच्या यार्डातली हिरवी रेघ आठवली. थप्पी एक, मार्का दुसरा. पोत्याला जागा एकच असते, पण त्याच्यावर मार्के हवे तितके मारता येतात.

पीआरटीजीत टॅग लावणं सोपं आहे. ग्रुप, उपकरण किंवा सेन्सरच्या सेटिंगमध्ये टॅगचा एक रकाना असतो, त्यात शब्द लिहायचा. शब्दात मोकळी जागा चालत नाही, कारण स्पेस दाबली की टॅग संपला असं धरतात. म्हणून मी मधे आडवी रेघ टाकते. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांनी फरक पडत नाही. मी टॅग इंग्रजी अक्षरांत टाइप करते, इथं वाचायला बरं म्हणून देवनागरीत लिहिते.

तीन घराणी केली. पहिलं वीज: वीज-थेट, वीज-जनरेटर, वीज-यूपीएस. दुसरं माल: माल-चेंबर, माल-लेबल, माल-काटा. तिसरं लिंक: लिंक-फायबर, लिंक-रेडिओ, लिंक-सिम. एवढंच. पहिल्या उत्साहात मी सदतीस टॅग लिहिले होते, त्यात कंपनीचं नाव, खरेदीचं वर्ष, वॉरंटी, खोली क्रमांक, सगळं होतं. काकांनी यादी वाचली आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे रात्री कोण विचारणार?" ज्याला उत्तर नव्हतं तो खोडला. 'महत्त्वाचं' हा टॅगही खोडला. तो सगळेच सगळ्यांना लावतात, आणि सगळ्यांना लावलेला शब्द गाळणीला काही कामाचा राहत नाही. माणसांच्या नावाचे टॅगही काढले. माणूस बदलीवर जातो, टॅग तिथंच राहतो आणि नंतर खोटं बोलतो.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. टॅग वरून खाली उतरतात. ग्रुपला टॅग दिला की त्याखालच्या प्रत्येक उपकरणाला आणि प्रत्येक सेन्सरला तो आपोआप लागतो. सेन्सरच्या सेटिंगमध्ये असे वारशाने आलेले टॅग वेगळे दिसतात. हे फार सोयीचं वाटलं. चोपड्यातल्या बहुतेक वस्तू थेट लाइनीवर, म्हणून मी चोपड्याच्या आख्ख्या ग्रुपला 'वीज-थेट' दिला आणि रॅकमधल्या, म्हणजे नेटवर्कच्या कपाटातल्या, मोजक्या वस्तूंना वेगळा 'वीज-यूपीएस' लावला. मग एक यादी बनवली: बंद पडलेले सगळे दाखव, पण 'वीज-थेट' असलेले वगळ. म्हणजे वीज गेली तरी यूपीएसवरचं काही बंद पडलं तरच ते दिसेल. कागदावर चोख.

खात्री करायची म्हणून एका रविवारी चोपड्याला गेले, पॅकिंग बंद होतं, आणि रॅकच्या यूपीएसचं बटण हाताने बंद केलं. राउटर गेला, स्विच गेला. फोनवर यादी उघडली. रिकामी. दहा मिनिटं थांबले. तरी रिकामी. राउटरला वरून 'वीज-थेट' उतरलेला होता आणि खाली मी दिलेला 'वीज-यूपीएस'ही होता. दोन्ही टॅग त्याच्यावर होते आणि वगळण्याच्या नियमाने तो राउटरच यादीतून गायब झाला होता. वरून उतरलेला टॅग खाली पुसता येत नाही. त्या बंद रॅकपुढं उभी असताना अंगातून थंडी गेली. रात्रीच्या संदेशांतून सुटका करून घ्यायच्या नादात मी आमचा डोळाच बांधून टाकला होता.

तेव्हापासून नियम केला. ग्रुपला फक्त तेच द्यायचं जे त्याखालच्या शेवटच्या सेन्सरपर्यंत खरं आहे, आणि असं एकच निघालं, गावाचं नाव. विजेचा टॅग उपकरणाला, कारण आख्खं उपकरण एकाच सॉकेटवर असतं. लिंकचा टॅग त्या राउटरच्या नेमक्या पोर्टच्या सेन्सरला, कारण एकाच राउटरला एका पोर्टवर फायबर असतं आणि दुसऱ्यावर रेडिओ. मालाचा टॅगही सेन्सरलाच. चेंबरच्या डब्याला पिंगचा सेन्सरही असतो, पण मालाची काळजी तापमानाच्या सेन्सरला. आणि यादी खरी आहे का, हे बटण बंद करून पाहायचं. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुठल्या तरी एका केंद्रावर काहीतरी मुद्दाम बंद करून आम्ही ते करतो.

गाळताना पुढं अधिकचं चिन्ह लावलेला टॅग असायलाच हवा आणि उणे लावलेला नसायलाच हवा. म्हणूनच टॅगच्या सुरुवातीला अधिक-उणे टाकू देत नाहीत. या दोन चिन्हांत बरंच मावतं. अधिक माल-चेंबर, अधिक चोपडा. अधिक लिंक-फायबर, उणे जळगाव. सेन्सर बनवतानाच सॉफ्टवेअर स्वतःचेही काही टॅग टाकतं, पिंगच्या सेन्सरला 'पिंगसेन्सर', पोर्टवरची वाहतूक मोजणाऱ्याला 'बँडविड्थसेन्सर' वगैरे. मी आधी ते कचरा समजून काढत होते. काढू नका. आज सहाही गावांतली फायबरची वाहतूक एका खाली एक बघायची असेल तर 'अधिक बँडविड्थसेन्सर, अधिक लिंक-फायबर' एवढं पुरतं. नवा टॅग लावल्यावर तो गाळणीत यायला काही मिनिटं लागतात, हेही सांगून ठेवते. पहिल्या दिवशी मी तोच शब्द चार वेळा टाइप केला होता, चुकला असेल म्हणून.

या गाळण्या कायमच्या जपून ठेवायला पीआरटीजीत 'लायब्ररी' असते. मूळ झाड जागचं हलत नाही, त्याच सेन्सरांची दुसरी मांडणी तयार होते, आणि एकच सेन्सर कितीही लायब्रऱ्यांत दिसू शकतो. मी लायब्रऱ्यांना वहीतल्या प्रश्नांचीच नावं दिली आहेत. 'माल धोक्यात आहे का'. 'यूपीएसवरचं काही बंद आहे का'. 'रेडिओ हलले का'. रात्रपाळीच्या मुलाला मी कधी प्रशिक्षण दिलं नाही, त्याने नावं वाचली आणि वापरायला लागला.

'रेडिओ हलले का' ही लायब्ररी कशी कामी आली ते सांगते. मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, आमच्याकडं वादळं येतात. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या उभ्या बागा एका संध्याकाळीत आडव्या होतात. ज्याने ते पाहिलं आहे त्याला वारा सुटला की बोलवत नाही. गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळनंतर झाडात इथं एक पिवळं, तिथं दोन पिवळी, असे ठिपके दिसत होते. बंद काहीच नव्हतं. गावानुसार पाहिलं तर प्रत्येक गावात एखादी किरकोळ कुरबुर. लायब्ररी उघडली तर अकरा रेडिओ लिंकपैकी नऊ पिवळ्या आणि फायबरवालं सगळं हिरवं. मनोऱ्यांवरच्या डिश वाऱ्याने किंचित फिरल्या होत्या, लिंक चालू होत्या पण डेटाची पॅकेट वाटेत गळत होती. सकाळी मुलांना मनोऱ्यावर चढवून त्या सरळ केल्या. त्या दिवशी बाकी सगळ्यांचं लक्ष बागांकडं होतं आणि असायलाच हवं होतं. निदान कंटेनरचे कागद वेळेवर गेले.

शब्दांच्या बाबतीत मात्र मी कडक झाले आहे. सुरुवातीला टॅग लावणारे आम्ही तिघं होतो. मी 'लिंक-रेडिओ' लिहायचे, शिरपूरचा मुलगा 'वायरलेस' लिहायचा आणि जळगावहून कुणीतरी 'आरएफ'. तिघांचं म्हणणं एकच, पण सॉफ्टवेअर शब्द ओळखतं, अर्थ नाही. गावाच्या नावातही तोच गोंधळ, इंग्रजीत सावदा कुणी 'व्ही'ने लिहितं, कुणी 'डब्ल्यू'ने. आणि चुकीच्या टॅगचा सेन्सर आरडाओरडा करत नाही, तो यादीत नसतो एवढंच. रिकामी यादी आणि सगळं ठीक असलेली यादी दिसायला सारखीच असते, हे मी चोपड्याच्या त्या रॅकपुढं शिकले. म्हणून आता टॅगची यादी एका पानावर छापून सातही ठिकाणी रॅकच्या दाराला आतून चिकटवली आहे. पानावर नसलेला शब्द वापरायचा नाही.

याला जोडून एक युक्ती. प्रत्येक घराण्याचा एक साधा टॅगही लावायचा. म्हणजे 'वीज-यूपीएस'च्या बरोबर नुसता 'वीज'. 'लिंक-सिम'च्या बरोबर नुसता 'लिंक'. मग 'उणे वीज' असं गाळलं की ज्याला विजेचा कुठलाच टॅग लावलेला नाही तो प्रत्येक सेन्सर समोर येतो. माझ्या या लायब्ररीचं नाव 'मार्का राहिलेले' असं आहे. ती शून्यावर आणायला मला चार महिने लागले. नवं उपकरण जोडलं की ती पुन्हा भरते, मग रात्रीची भांडी झाल्यावर बसून मी ती रिकामी करते.

माझा भाऊ धुळ्याला एका कॉलेजची लॅब पाहतो, त्याच्याकडं झॅबिक्स हे अशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर आहे. तिथं टॅगचं नाव आणि त्याची किंमत असे दोन वेगळे भाग असतात, म्हणजे 'वीज' हे नाव आणि 'यूपीएस' ही किंमत. २०२१ मध्ये आलेल्या ५.४ आवृत्तीत त्यांनी जुनी 'अॅप्लिकेशन' नावाची विभागणी काढून टाकली आणि तिच्या जागी टॅगच आणले. माझी 'एक साधा, एक नेमका' ही युक्ती तिथं करावीच लागत नाही. तो हे मला प्रत्येक दिवाळीला सांगतो. शब्द कुठले निवडायचे हे मात्र त्यालाही लॅबच्या शिपायाला विचारूनच ठरवावं लागलं.

संदेशांचं काय केलं ते राहिलं. यादी 'माल-चेंबर'ने गाळली, सगळ्या सेन्सरांवर एकदम खूण केली आणि प्राधान्य पाच तारे केलं. चेंबरच्या सेन्सरना स्वतंत्र ट्रिगर, म्हणजे इशाऱ्याचा नियम, लावला, तीन मिनिटं मर्यादेबाहेर राहिलं की फोन वाजतो, माझा आणि काकांचा. बाकी सगळं ईमेलवर जातं आणि सकाळी चहाबरोबर वाचलं जातं. महिन्याचा रिपोर्टही टॅगनेच निघतो. नानांना आता ४१२ ओळींचा कागद जात नाही, चेंबरांचं एक पान जातं. ते पान ते खरेदीदाराला दाखवतात.

या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात यावलची वीज गेली, रात्री एक चाळीसला. सकाळी मोजलं तर ईमेलवर सत्तावन्न संदेश होते. फोन मात्र एकदाच वाजला होता. दोन नंबरचं चेंबर, १५.२ अंश. मी उठून बसेपर्यंत काकांचाच फोन आला, "ताई, बघितलं. लायब्ररीत तेवढं एकच लाल आहे. मी निघालो." दोन वीसला ते पोचले. या वेळी कॉन्टॅक्टर ठीक होता, कुणीतरी चेंबरचं दार नीट लावलेलं नव्हतं. पडदा दारात अडकला होता. त्यांनी दार लावलं आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले. मी इकडं स्वयंपाकघरात दिवा न लावता मोबाइलवर आकडा बघत होते. १५.४. १५.१. १४.६. साडेतीनच्या सुमाराला १३.९ झालं, तेव्हा काका म्हणाले, "झोप आता."

शहाद्याला नवं चेंबर झालं आहे. त्याचे २६ सेन्सर मागच्या आठवड्यात जोडले, आणि 'मार्का राहिलेले'मध्ये आत्ता २६ हाच आकडा दिसतो आहे. शनिवारी पहाटेच्या बसने काका आणि मी तिकडं जाणार आहोत. कुठला बोर्ड कुठल्या लाइनीवर आहे हे ते दाखवतील, मी लिहून घेईन. रविवारी पॅकिंग बंद आहे, तेव्हा यूपीएसचं बटण बंद करून बघू.